६.९ला पेटणारे कण: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून

माझ्या गाईड मॅडमबरोबर बसून पुढच्या चार महिन्यांचं काम ठरवलं: कर्करोगाच्या गाठीतल्या आम्लाने चमकणारे कण, गाठीची कड ओळखण्यासाठी. दोन पॉलिमर (रेणूंच्या लांब साखळ्या) करायचे, दोन्हींत अमाइन, म्हणजे प्रोटॉन धरणारा नायट्रोजनचा गट. पहिला डायआयसोप्रोपिल अमाइनचा, त्याचा मोनोमर (साखळीचा एकेक मणी) बाटलीत विकत मिळतो. दुसऱ्यातलं अमाइन सात अणूंच्या कड्याचं आहे, तो मोनोमर लॅबमध्येच करावा लागेल. वहीत यापुढे पहिल्याला ‘डी’ आणि दुसऱ्याला ‘सी’ म्हणेन. ‘डी’ला रोडामाइन हा चमकणारा रंग जोडायचा, ‘सी’ला सायनिन. म्हणजे दोघं एकाच पेशीत असले तरी वेगळे ओळखू येतील.

दोन्हींच्या एका टोकाला पेगची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्याशी जुळणारं) लांब साखळी आहे. पाण्यात सोडले की शेकडो साखळ्या एकत्र येऊन तीसेक नॅनोमीटरचा कण बनतो, तो मिसेल. अमाइनं आणि रंग पोटात, पेग बाहेर. पोटात रंगाचे रेणू इतके खेटून बसलेले असतात की एकाने घेतलेली ऊर्जा शेजारचा ओढून घेतो आणि उजेड पडत नाही. भोवती आम्ल वाढलं की अमाइनं प्रोटॉन धरतात, सगळ्यांवर धन प्रभार येतो, ती एकमेकांना ढकलू लागतात आणि कण विस्कटतो. रंग सुटे होतात आणि चमकतात.

कल्पना आमची नाही. डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्नमधल्या जिनमिंग गाओ यांच्या गटाने हे कण २०११पासून घडवत आणले. त्यांच्यातलाच एक कण, आयसीजी रंग जोडलेला, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला ३० रुग्णांमध्ये वापरला गेला. गाठी चार तऱ्हेच्या होत्या: डोकं-मान, स्तन, अन्ननलिका आणि मोठं आतडं. ते निकाल २०२०मध्ये छापून आले.

आमचा प्रश्न छोटा आहे, पण माझ्या मनात तो घट्ट बसला आहे. कण गाठीच्या आत चमकतो हे मान्य. मग चमक जिथे संपते तिथेच गाठ संपते का?

११ जून

ज्युनियरने विचारलं, “ताई, आम्लाने रंग बदलणारे साधे रंग शेकड्याने आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?” प्रश्न चांगला होता, म्हणून फळ्यावर हिशेबच मांडला.

पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. रक्ताचा पीएच ७.४. गाठीतल्या पेशींच्या बाहेरचा बहुतेकदा ६.५ ते ६.९. कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, हे ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. ते आम्ल पेशी बाहेर फेकतात आणि गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांना ते वाहून नेणं जमत नाही. ७.४ला प्रोटॉनचं प्रमाण ४० नॅनोमोलर, ६.८ला १५८. म्हणजे जेमतेम चौपट. आता ६.९ला अर्धा पेटणारा एखादा साधा रंग घेऊ. ७.४ला त्याचे २४ टक्के रेणू पेटलेले असतील, ६.८ला ५६. फरक दुपटीहून थोडा जास्त. ऊतींची स्वतःचीच मंद चमक असते, त्यात एवढा फरक बुडून जातो. साध्या रंगाला १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला पीएचची जवळजवळ दोन एककं लागतात. या मिसेलना पाव एककसुद्धा लागत नाही, कारण साखळ्या एकट्यादुकट्या सुटत नाहीत. काही अमाइनं प्रभारित झाली की बाकीच्यांना पोटात टिकून राहणं अवघड होतं आणि कण सगळाच्या सगळा फुटतो. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचं बटण, असा तो फरक.

१९ जून

‘डी’ची पॉलिमरायझेशन लावली. तांब्याचा ब्रोमाइड पांढरा असायला हवा, बाटलीतला हिरवट झाला होता. ग्लेशियल ॲसेटिक आम्लात ढवळून, अल्कोहोल आणि इथरने धुऊन घेतला, त्यात सकाळ गेली. मग पेग-ब्रोमाइड, मोनोमर आणि लिगंड (तांब्याला धरून ठेवणारा रेणू) श्लेंक ट्यूबमध्ये. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, पंप लावायचा, पंप बंद करून वितळू द्यायचं. वितळताना तळातून मोहरीएवढे बुडबुडे सुटतात, ती विरघळलेली हवा. पहिल्या फेरीला खूप, दुसऱ्या फेरीला दोन-चार, तिसऱ्या फेरीला एकही नाही. मगच तांबं घातलं. ४० अंशांवर रात्रभर.

२० जून

ॲल्युमिनाचा कॉलम. वरून हिरवट द्रावण ओतलं आणि तांब्याचा निळा-हिरवा पट्टा वरच्या बोटभर जागेतच अडकला, खालून पाण्यासारखा स्वच्छ थेंब येऊ लागला. तरीही दुसऱ्यांदा कॉलममधून काढला. तांबं पेशींना विषारी आहे, रंगाचा उजेडही खातं. पुढे एखादी पेशी मेली तर संशयाची सुई तांब्याकडे वळायला नको.

३० जून

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, ज्युनियर वारकऱ्यांना पाणी वाटायला गेला आहे. इमारत रिकामी, म्हणून कणांचा आकार मोजणारं डीएलएस मशीन दिवसभर माझ्या हाती.

१० मिलिग्रॅम पॉलिमर (अजून रंग न जोडलेला) अर्ध्या मिलिलिटर टीएचएफ या द्रावकामध्ये विरघळवला आणि सोनिकेटरमध्ये थरथरणाऱ्या पाण्यात थेंब थेंब सोडला. चौथ्या-पाचव्या थेंबानंतर पाण्याला निळसर झाक आली. खिडकीसमोर धरलं तर कडा किंचित पिवळ्या. झाक दिसली की कण झाले, हे आता मशीनआधी डोळाच सांगतो. मशीनने ३० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिलं, शिवाय ८००ला आणखी एक. दुसरं धुळीचं. प्रकाश विखुरण्याची ताकद व्यासाच्या सहाव्या घातात वाढते, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा एक कण ३० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा बोलतो. गाळून पुन्हा मोजलं, मग एकच शिखर. पीएच ५.५ला नेलं तर शिखरच गेलं, झाकही गेली.

४ जुलै

‘डी’ला रोडामाइन जोडला. पीएच ५.८पासून ७.४पर्यंत ०.१च्या पायऱ्यांनी सतरा बफर (ठरलेला पीएच धरून ठेवणारी द्रावणं). ६.४पर्यंत अंधार, ६.१ला लख्ख. मधला अर्ध्याचा बिंदू, जिथे उजेड निम्मा होतो, ६.२च्या वर. छापलेल्या आकड्याशी जुळतं. अतिनील दिव्याखाली सगळ्या कुपी ओळीत लावल्या तेव्हा ज्युनियर नुसता बघत राहिला. मीही.

८ ते १२ जुलै

‘सी’चा मोनोमर, मग पॉलिमर. मेथाक्रिलॉइल क्लोराइड हूडमध्येच उघडलं तरी डोळे चुरचुरले. बाकी विशेष काही नाही.

१५ जुलै

‘सी’ची वक्ररेषा काढली आणि अडकले.

२५ अंशांना क्युव्हेटमध्ये मोजलं: अर्ध्याचा बिंदू ६.९. अगदी हवा तिथे. तेच कण प्लेट रीडरमध्ये ३७ अंशांना मोजले, बफर ट्रिसचे: बिंदू ७.०च्या वर गेला. पडताळा म्हणून ३७ला फॉस्फेट बफरमध्ये मोजले: बिंदू ६.७च्या थोडा वर, म्हणजे उलट खाली आला. कण तेच, तापमान तेच, मीठ दोन्हींत तेवढंच, आणि उत्तरांमध्ये ०.३चा फरक.

वाटलं रंग नीट जोडला गेला नाही. वाटलं प्लेटच्या कडेच्या खळग्यांतलं पाणी उडालं. मधले खळगे वापरून पुन्हा मोजलं, तरी तेच.

१७ जुलै

आषाढी, सुट्टी. आईचा फोन. “अगं, उपासाचं काही खाल्लंस का, आणि तुझं ते नक्की काय चाललंय ते एकदा मला कळेल असं सांग.”

आम्ही सांगलीचे, घरात हळदीचा वास मुरलेला. म्हटलं, आई, हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्याचंच कुंकू करतात. चुना अल्कली, म्हणून हळद लाल. माझे कण तसेच, फक्त त्यांना चुन्याच्या उलटं हवं, आंबट. आंबट लागलं की ते उजळतात. आणि कर्करोगाची गाठ आतून आंबट असते.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हळद गरम पाण्यात आणि गार पाण्यात सारखीच लाल होते का गं?”

तिने सहज विचारलं. फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. मी सगळे बफर खोलीच्या तापमानाला बनवले होते आणि ३७ला वापरले होते.

१८ जुलै

हेच होतं. ट्रिसचा पीएच दर अंशामागे ०.०२८ने उतरतो. २५वरून ३७वर गेलं की १२ अंश, म्हणजे ०.३४. कुपीवर ७.० लिहिलेलं होतं तेव्हा आत ६.६६ होता. फॉस्फेट त्याच्या दहाव्या हिश्शाने हलतो, म्हणून त्याचं उत्तर खरं. शिवाय ट्रिसचा स्वतःचा पीकेए (ज्याच्या आसपासच बफर नीट काम करतो तो पीएच) ८.१, सातच्या खाली तो नावापुरताच बफर. फ्रिजमध्ये तयार बाटल्या होत्या म्हणून मी त्या उचलल्या. हे वहीत स्पष्ट लिहून ठेवते, कारण उद्या आणखी कुणीतरी त्याच बाटल्या उचलेल.

फॉस्फेटमध्ये बिंदू खाली का सरकला तेही कळलं. ट्रिससुद्धा अमाइनच आहे आणि आमचा पॉलिमरही. तापलं की अमाइनची प्रोटॉनवरची पकड सुटते. म्हणजे शरीराच्या तापमानाला ‘सी’चं बटण ६.९ला नाही, ६.७च्या जरा वर आहे. गाठ आणि रक्त यांच्यात मिळून अंतर ०.६चं. त्यातलं निम्मं मी एका बाटलीत हरवून बसले होते.

आजपासून नियम: पीएच मीटरचं इलेक्ट्रोड आणि बफर दोन्ही ३७च्या वॉटर बाथमध्ये, मीटरचं कॅलिब्रेशनही तिथेच. दारावर कागद चिकटवला.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, लॅबमधल्या दोघांची घरं तिकडेच. इमारतीची वीज पहाटे गेली आणि जनरेटरच्या ओळीवर फ्रीझ ड्रायर नव्हता. फ्लास्कमधला बर्फ निर्वातात वितळून उसळला. सकाळी आले तर पंपाच्या ट्रॅपमध्ये सुंदर निळं पाणी. सायनिन लावलेला ‘सी’चा सगळा साठा.

इमारतीतल्या शिपाई मामांनी सकाळपासून चार मजल्यांचं पाणी उपसलं होतं, त्यांच्यासमोर पॉलिमरचं रडगाणं गावंसं वाटलं नाही. दोघा जणांच्या घरी सगळे सुखरूप आहेत. ‘सी’ पुन्हा करायचा.

५ ऑगस्ट

नवा ‘सी’ तयार, ३७ला पडताळला, बिंदू तिथेच. हेला पेशी (कर्करोगाच्या) पुण्यातल्याच एनसीसीएस संस्थेच्या भांडारातून आल्या होत्या, त्या आता चांगल्या वाढताहेत. एमटीटी चाचणीत (पेशी जिवंत आहेत का ते पाहणारी) दोन्ही कणांनी कामाच्या मात्रेला पेशी मारल्या नाहीत. तांब्यासाठी दोनदा कॉलम काढल्याचं सार्थक.

६ ऑगस्ट

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर चार तास. पेशींवर दोन्ही कण एकत्र टाकले. सुरुवातीला पडदा काळा, कारण माध्यमाचा पीएच ७.४. दहा मिनिटांनी पेशींच्या कडेला सायनिनचे बारीक ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. रोडामाइनच्या खिडकीत (पडद्यावर त्या एका रंगापुरती जागा) अजून काही नाही. अर्ध्या तासाने सायनिनचे ठिपके आत सरकले आणि रोडामाइनचे पहिले उमटले. दोन तासांनी केंद्रकाभोवती दोन्ही एकावर एक.

म्हणजे कणाचा प्रवासच दिसतो. पेशी कण गिळते, सुरुवातीच्या एंडोसोममध्ये (गिळलेलं ठेवणारी पिशवी) पीएच ६च्या जरा वर असतो, तिथे ‘सी’ पेटतो. पुढे पिशवी आणखी आंबट होत लायसोसोमपर्यंत (पचन करणारी पिशवी) ५च्याही खाली जाते, वाटेत ‘डी’ पेटतो. पेशीच्या आत पिशवीगणिक पीएच मोजता येतो हे मला पहिल्यांदा एमएस्सीला कळलं होतं. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९मध्ये डीएनएचं एक यंत्र करून जिवंत पेशीत ते मोजून दाखवलं होतं. तो पेपर वाचला त्या संध्याकाळी ठरवलं होतं की हेच करायचं. आज पडद्यावर ते ठिपके चालताना पाहून घसा दाटून आला.

१३ ऑगस्ट

नकारात्मक पडताळा हवा: पिशव्यांचं आम्ल काढून घेतलं तर उजेड जातो का? अमोनियम क्लोराइड स्वस्त, कपाटात होतं. ते घातल्यावर ‘डी’चे ठिपके मावळले, ‘सी’चे जसेच्या तसे.

ज्युनियर म्हणाला, मग ‘सी’ आम्लामुळे पेटतच नसेल. मी त्याला कुपीवरचे आकडे पाहायला लावले. अमोनियम क्लोराइड लायसोसोमचा पीएच चढवतं, पण सहाच्या आसपासच, सातपर्यंत नाही. ‘डी’चं बटण त्या उंबऱ्यावर, म्हणून तो विझतो. ‘सी’च्या दृष्टीने सहासुद्धा आंबटच. खरा पडताळा म्हणजे प्रोटॉन आत ढकलणारा पंपच बंद करणं.

१६ ऑगस्ट

शेजारच्या लॅबकडून तो पंप बंद करणारं बॅफिलोमायसिन उसनं आणलं, चिमुकल्या कुपीत. १०० नॅनोमोलर, कण टाकण्याआधी तासभर. दोन्ही खिडक्या काळ्या. आता निश्चिंत.

२२ ऑगस्ट

मॅडमनी ओळख काढून एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात परवानगी मिळवली. फक्त पाहायचं, रुग्णाची ओळख नाही, फोटो नाहीत. इतकी वर्षं मी ‘मार्जिन’, म्हणजे गाठीभोवतीची मोकळी कड, हा शब्द पेपरमध्ये वाचते आहे. आज ती टेबलावर पाहिली.

गालाच्या आतल्या बाजूची गाठ, आजूबाजूच्या निरोगी पट्ट्यासकट काढलेली. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी. एका टोकाला सर्जनने रेशमाचा टाका घातला होता, तो पुढची बाजू दाखवतो. मॅडम डॉक्टरांनी (पॅथॉलॉजिस्ट) आधी ती टिपकागदाने कोरडी केली, मग ब्रशने कडा रंगवल्या: वरची निळी, खालची काळी, तळाची हिरवी. रंग वाळेपर्यंत थांबल्या. मग लांब पातळ सुरीने पावाच्या लादीसारखे सरळ काप घेतले आणि क्रमाने मांडले. गाठ पांढरी, कडक, कापताना कच्च्या नासपतीसारखा कचकच आवाज. तिच्या टोकापासून रंगवलेल्या कडेपर्यंत प्लास्टिकची पट्टी लावून एकेक आकडा त्या मोठ्याने सांगत होत्या: “सात... नऊ... सहा... तीन.”

तीनला थांबल्या. तोंडाच्या कर्करोगात सूक्ष्मदर्शकाखाली निदान पाच मिलिमीटर मोकळी कड हवी असा दंडक आहे. त्यातही काढल्यावर ऊती आकसते, तोंडात आठ धरलेली कड टेबलावर आठ राहत नाही. शंका असेल तर शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासतात, पण त्या वीसेक मिनिटांत नेमका कुठला तुकडा पाठवायचा हे सर्जनच्या बोटांनी आणि डोळ्यांनी ठरतं.

मी माझ्या कणांबद्दल सांगितलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं. मग दोन गोष्टी म्हणाल्या. पहिली: “तोंडात जखम असते, सूज असते, जंतू असतात. दातांवरच्या किटणाखाली काय कमी आम्ल असतं? तिथेही तुमचा दिवा लागेल.” खरं आहे. सुजेतही पेशी आम्ल सोडतात. दुसरी गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: “गाठ कुठे आहे ते मला हाताला लागतं. ती कुठे संपते ते सांगा, आणि मिलिमीटरमध्ये सांगा.”

बाहेर व्हरांड्यात नातेवाईक बसले होते. एका बाकाच्या पायाशी तंबाखूची रिकामी पुडी आणि चुन्याची डबी पडली होती. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हा तोंडाचा. आपल्याकडे हा दिवा पहिल्यांदा कुठे लागायला हवा, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

३० ऑगस्ट

सपाट बशीतल्या पेशींना कड नसते. म्हणून स्फेरॉइड: खळग्याच्या तळाला आगरोजचा थर, त्याला पेशी चिकटत नाहीत, मग त्या एकमेकींना चिकटून चेंडू करतात. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढू द्यायचे. ऑक्सिजन ऊतीत शे-दोनशे मायक्रोमीटरच शिरतो, त्यामुळे एवढ्या चेंडूचा गाभा गुदमरतो आणि आंबट होतो. लॅबमध्ये करता येण्याजोगी ही सगळ्यात साधी गाठ.

५ सप्टेंबर

पहिले सहा स्फेरॉइड. दुसऱ्या इमारतीतल्या कॉन्फोकलपर्यंत डब्यातून नेले, तिथेच कण टाकले, तिथेच तीन तास थांबून पाहिले. कडेच्या पेशींमध्ये दोन्ही रंगांचे ठिपके, ओळखीचे. आतमध्ये, जिथे पेशींच्या बाहेर आम्ल असायला हवं, तिथे काळोख. ‘सी’सुद्धा नाही.

म्हणजे गाठीचं आम्ल आपल्या कणाला पेटवायला पुरतच नाही? ३७ला बटण ६.७वर गेलं ते इथे नडलं? मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, घाई करू नकोस, गणपतीला जाऊन ये.

७ सप्टेंबर

सांगली. आरती, मोदक. उरलेल्या स्फेरॉइडचं माध्यम सिनियर दादा बदलणार आहेत.

११ सप्टेंबर

परत आले. ५ तारखेची प्लेट टाकायला काढली आणि माध्यमाच्या रंगाकडे लक्ष गेलं. जांभळट गुलाबी.

माध्यमात फिनॉल रेड असतो. आम्लात पिवळा, ७.४ला लालसर, आठच्या पुढे जांभळा. माध्यमाचा पीएच बायकार्बोनेट आणि इन्क्युबेटरमधला ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिळून धरून ठेवतात. प्लेट बाहेर काढली की वायू उडून जातो आणि माध्यम अल्कलीकडे सरकतं. त्या दिवशी वाटेतला वेळ आणि तीन तासांची बैठक, तेवढा सगळा वेळ माझे स्फेरॉइड कार्बन डायऑक्साइडविना आठच्या आसपासच्या पाण्यात बुडालेले होते. बाहेर येऊ पाहणारं आम्ल तिथल्या तिथे मारलं जात होतं. प्लेटमधला सगळ्यात जुना, सगळ्यात साधा पीएचदर्शक मला तेव्हाच हे सांगत होता आणि मी लेझरच्या खिडकीत पाहत बसले होते.

नवीन पद्धत: कण इन्क्युबेटरमध्येच टाकायचे, तिथेच तीन तास. चित्र घेताना फिनॉल रेड नसलेलं, हेपेस घातलेलं माध्यम. हेपेसही बेताने, कारण बफर जास्त झाला तर तोही आम्ल पिऊन टाकतो.

१९ सप्टेंबर

बारा स्फेरॉइड. आज दिसलं.

कडेच्या पहिल्या काही थरांत दोन्ही रंगांचे ठिपके, म्हणजे पेशींनी गिळलेले कण. त्याच्या आत ठिपके विरळ होतात आणि फक्त सायनिनच्या खिडकीत एक धूसर, सलग उजेड सुरू होतो, पेशींच्या मधल्या फटींतून पसरलेला. रोडामाइन तिथे काळा. ‘डी’ पेटायला ६.२ हवा, तो फक्त पेशींच्या पिशव्यांत मिळतो. ‘सी’ला ६.७ पुरतो, तो पेशींच्या बाहेरही मिळाला. दोन पॉलिमर एकत्र टाकल्यामुळेच हे वेगळं काढता आलं: दोन्ही रंग म्हणजे गिळलेलं, फक्त सायनिन म्हणजे बाहेरचं आम्ल. मॅडमनी पडदा पाहिला आणि खुर्ची ओढून बसल्या.

एक गोष्ट मात्र मला वाटली होती तशी नाही. धुक्याची बाहेरची रेघ स्फेरॉइडच्या कडेवर नाही, आत आहे. पट्टी लावून मोजली: कमीत कमी ६० मायक्रोमीटर, जास्तीत जास्त १२०. बटण कितीही तीक्ष्ण असलं तरी ते पेशी मोजत नाही, पीएच मोजतं. नकाशावरची समोच्च रेषा डोंगर कुठे संपतो ते सांगत नाही, ठरावीक उंची कुठे आहे तेवढंच सांगते. तसंच हे. कडेच्या पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळतो, त्यांचं आम्ल बाहेरचं माध्यम धुऊन नेतं, म्हणून ६.७ची रेघ आत पडते. शरीरात कडेला माध्यमाऐवजी निरोगी रक्तवाहिन्या असतील, त्याही हेच करतील. उलट काही गाठींमधून आम्ल शेजारच्या निरोगी ऊतीत झिरपतं, तिथे रेघ बाहेर पडेल.

खऱ्या कडेपर्यंत पोचतात ते ठिपके, धुकं नाही.

२१ सप्टेंबर

मॅडमबरोबर दोन तास. त्यांचं म्हणणं: मग ठिपक्यांवरच भर द्यावा, कड त्यांनीच दाखवली आहे. माझी हरकत: कण निरोगी पेशीही गिळतात, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) तर भराभर गिळतात, त्यांच्या पिशव्याही आंबटच. ठिपके गाठीबाहेरही सुरूच राहिले तर कड पुन्हा हरवली. धुक्यामुळे गाठ ओळखू येते पण कड नाही, ठिपक्यांनी कड गाठली पण ती कुणाची ते त्यांना सांगता येत नाही. दोन्ही खिडक्या एकमेकींवर ठेवून वाचल्या तर काही हाती लागेल असं मला वाटतं. मॅडमना अजून पटलेलं नाही. स्फेरॉइडभोवती निरोगी पेशी ठेवून पाहिल्याशिवाय पटवून घेऊ नये, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

२४ सप्टेंबर

फायब्रोब्लास्ट, म्हणजे निरोगी जोडऊतीच्या, पेशी मागवल्या. त्यांना हिरव्या रंगाने खूण करायची आणि कोलॅजनच्या जेलमध्ये स्फेरॉइडभोवती पेरायच्या, म्हणजे खरी कड हिरव्या रंगात आधीच माहीत असेल. कण दोन्ही, मात्रा तीच, तीन तास इन्क्युबेटरमध्ये. कोलॅजन आम्लात विरघळवलेलं येतं, गोठायच्या आधी ते सोड्याने सातच्या वर आणावं लागतं. हे काम ज्युनियरला दिलं आहे. त्याने न सांगता पीएच मीटरचं इलेक्ट्रोड वॉटर बाथमध्ये नेऊन ठेवलं.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, कड मायक्रोमीटरमध्ये मोजतोय, चालेल का. म्हणाल्या, “हजाराने भागा आणि मग मला दाखवा. गुरुवारी या.”